स्क्रीन थाटात, सुकाणू पोरकं

नोकरी सोडली, घर भाड्याने दिलं, ४० फुटी शिडाची नौका घेतली. नवरा-बायको आता महासागर ओलांडणार. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शिरल्यावर पहिली खरेदी कशाची?

स्क्रीनची!

चार्टप्लॉटर म्हणतात त्याला. समुद्राचा नकाशा आणि त्यावर सरकणारा आपला ठिपका. १२ इंची, रंगीत, बोटाने हलणारा. एक वर चाकापाशी, दुसरा खाली केबिनमध्ये. रेमरीन, गार्मिन, बी अँड जी, फुरुनो, कोणाचंही माहितीपत्रक उघडा, पहिल्या पानावर हाच असतो. दिसतं ते खपतं, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. घेणाऱ्याला कधी कळणार?

कारण खोल समुद्रात रस्ता दाखवणं हे सोपं काम झालंय. सुकाणू धरून बसणं आजही अवघड आहे.

हिशेब मांडू. मुंबई ते सेशेल्स, सरळ रेषेत साधारण १,७५० सागरी मैल. ताशी पाच मैलांनी गेलात तर पंधरा दिवस. म्हणजे साडेतीनशे तास सुकाणू कोणाच्या तरी हातात हवं. वाटेत थांबा नाही. नांगर टाकावा तर तळ काही किलोमीटर खाली. माणसं दोन. त्यांनीच रांधायचं, झोपायचं, शिडं बदलायची, वांत्या करायच्या. चौथ्या रात्री दोघांतलं कोण जागं असेल?

तिसरा खलाशी लागतो. ऑटोपायलट नावाचा.

आणि त्याला कामावर ठेवतात ते स्क्रीन घेऊन उरलेल्या पैशांत.

ऑटोपायलटला डोकं असतं, म्हणजे संगणकाचा डबा. दिशा ओळखणारा सेन्सर असतो. हुकूम द्यायला बटणं असतात. आणि सुकाणू खरोखर ढकलणारा हात असतो, त्याला ड्राइव्ह म्हणतात. पहिल्या तिन्हींत आज नामांकित कंपन्यांमध्ये उजवं-डावं करण्याजोगं फार उरलेलं नाही. नौका दगा खाते ती हाताशी. आणि चर्चा रंगते ती पहिल्या तिन्हींची.

चाकालाच बाहेरून पट्टा लावून फिरवणारा ड्राइव्ह स्वस्त पडतो. मुंबईहून मुरुडला जायला झकास. पण मागून आलेल्या तीन मीटरच्या लाटेने नौका उचलून आडवी फेकायला घेतली की पट्टा घसरतो, नाहीतर तुटतो. आणि अशी लाट रात्रभर दर दहा सेकंदांनी येत असते.

म्हणून ड्राइव्ह डेकखाली हवा. तो कसा बसवलाय, हे बघायचं असेल तर नौकेच्या मागच्या कप्प्याचं झाकण उघडा, आत डोकं घाला, टॉर्च मारा. सुकाणूचा मनगटाएवढा उभा दांडा दिसेल. त्यावर एक पाव चकती आवळलेली असते, तिला क्वाड्रंट म्हणतात. चाकाकडून आलेल्या तारा तिलाच जोडलेल्या. आता ड्राइव्हची पुढे-मागे होणारी सळई कुठे जोडलीय? त्याच चकतीला, की दांड्यावर वेगळा जाड हात बसवून त्याला? वेगळा हात असेल तर चाकाची तार तुटो की चकती चिरो, ऑटोपायलट नौका नेत राहतो. दोन्हींचा भार एकाच चकतीवर टाकला असेल तर ती चिरली की चाकही गेलं आणि ऑटोपायलटही. अर्ध्या तासाचं काम आणि एक टॉर्च. पण नवी नौका बघायला गेलेले किती जण त्या कप्प्यात डोकं घालतात?

तार तुटणं, सांधा निखळणं या काय गोष्टी रोज घडतात का, असं विचारणाऱ्यांसाठी एक दाखला. गोव्यात बांधलेली नौदलाची ‘तारिणी’ २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन जगप्रदक्षिणेला गेली होती. ठरलेले थांबे चार. केपटाऊनहून घरी परतताना पाचवा घ्यावा लागला, मॉरिशसला, पोर्ट लुईसमध्ये. कारण? सुकाणूची जोडणी तुटली.

नौदलाची नौका, मागे अख्खी यंत्रणा, तयारी वर्षांची. तिथे तुटतं. तुमच्या-आमच्या नौकेवर तुटणार नाही?

पुढचा घोळ वजनाचा. ऑटोपायलटच्या तक्त्यात लिहिलेलं असतं, अमुक टनांपर्यंतच्या नौकेला हा चालेल. लोक नौकेच्या कागदपत्रातलं वजन बघतात आणि बरोब्बर तेवढ्याचा घेतात. कागदावरचं वजन रिकाम्या नौकेचं! त्यात पाणी भरा, डिझेल भरा, नांगराची ६० मीटर साखळी, रबरी होडी, तिचं इंजिन, तांदूळ-डाळ, सुटे भाग, पुस्तकं. नऊ टनांची नौका निघते तेव्हा अकराची झालेली असते. वर वाऱ्याचा आणि लाटांचा जोर वेगळा.

एक माप मोठा घ्या. पैसे कमी पडत असतील तर १२ इंचांचा स्क्रीन ९ इंचांचा करा. ठिपका तेवढाच दिसतो.

दुसरा प्रश्न विजेचा. ४० फुटी नौकेचा डेकखालचा ऑटोपायलट १२ व्होल्टवर सरासरी चार-पाच अँपिअर ओढतो, खवळलेल्या समुद्रात जास्तच. पाच गुणिले चोवीस, १२० अँपिअर-तास. फ्रिज वेगळा, दिवे वेगळे, आणि तो लाडका स्क्रीन दिवसाला ४०-५० खातो तो वेगळा. शिसं-आम्लाच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त काढायचं नसतं, म्हणजे एकट्या ऑटोपायलटसाठी २४० अँपिअर-तासांच्या बॅटऱ्या. १०० वॉटचं सोलर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला ३०-४० परत देतं, आणि त्यावर शिडाची सावली पडली की तेही नाही. ढग आले? इंजिन लावा. डिझेल संपलं?

मग चाकावर बसा. पंधरा दिवस.

म्हणूनच जुनीजाणती मंडळी मागच्या कठड्याला विंडवेन लावतात. वीज शून्य. वाऱ्यात एक पातळ पातं, पाण्यात एक पातं. नौका वाऱ्यापासून हटली की वरचं पातं कलतं, खालचं वळतं, आणि वाहत्या पाण्याच्या जोरावर दोऱ्या ओढून सुकाणू फिरवतं. वारा जितका जास्त, तितका जोर जास्त. नेमका तेव्हाच विजेवरचा ऑटोपायलट सर्वात जास्त दमलेला असतो. आणि हायड्रोव्हेनसारख्या जातीत त्याचं स्वतःचं वेगळं सुकाणू असतं. मूळचं गेलं तर तेच घरी आणतं.

दोष आहेतच. वारा पडला की विंडवेन पडला. इंजिनावर निघालात की त्याचा उपयोग नाही. म्हणून खोल समुद्राला दोन्ही हवेत, आणि दोन्हींना पैसे ठेवायचे असतील तर कात्री स्क्रीनलाच लागणार. दुकानदार हे कशाला सांगेल?

विंडवेनही मोडतो, असं कोणी म्हणेल. मोडतोच. ‘सुहैली’चा मोडला होता. ही ३२ फुटी सागवानी नौका आपल्या मुंबईत, कुलाब्यात बांधलेली. तिच्यावरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ ला इंग्लंडहून निघाले. ऑस्ट्रेलियाच्या आसपास स्वयंचलित सुकाणूने राम म्हटला. तरी ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, न थांबता एकट्याने पृथ्वी फिरून आलेले पहिले खलाशी म्हणून ते फॅल्मथला पोचले. गोल्डन ग्लोब नावाच्या त्या शर्यतीत निघाले होते नऊ. पूर्ण केली एकानेच.

कसं जमलं? माणूस जिद्दीचा होताच. पण नौकाही जड, लांब बुडाची. शिडं नीट तोलून बांधली की ती आपली आपण सरळ चालायची. आजच्या हलक्या, रुंद, आखूड बुडाच्या नौका सुकाणू सोडलं की काही सेकंदांत तोंड फिरवतात. तेव्हा ‘पूर्वी कुठे होता ऑटोपायलट’ असं म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या नौकेचं बूड बघावं.

दुसरा दाखला ताजा आहे. २०२२-२३ ची गोल्डन ग्लोब शर्यत, नियम १९६८ सालचे, जीपीएस सीलबंद. आपले कमांडर अभिलाष टॉमी त्यात दुसरे आले. याच शर्यतीच्या २०१८ च्या फेरीत त्यांची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरात मोडली होती, पाठीला जबर मार बसला होता, फ्रेंच जहाजाने वाचवलं होतं. त्यानंतर ते पुन्हा गेले. वाटेत विंडवेनने त्रास दिला, तेव्हा टॉयलेटचा दरवाजा कापून त्याची दुरुस्ती केली.

यंत्र असं हवं, जे दरवाजाच्या लाकडाने दुरुस्त होतं. सर्किट बोर्डाला कोणता दरवाजा लावणार?

आता त्या स्क्रीनकडे वळू. तो नकोच, असं माझं म्हणणं मुळीच नाही. पण तो दाखवतो तेवढंच खरं मानलं की काय होतं, ते मॉरिशसच्या ईशान्येला समुद्रात लिहून ठेवलंय.

२९ नोव्हेंबर २०१४. व्होल्वो ओशन रेस, केपटाऊन ते अबुधाबीचा टप्पा. ‘टीम वेस्टास विंड’ ही ६५ फुटी नौका, नऊ जण, सगळे व्यावसायिक, पैशाला तोटा नाही. जगातली उत्तमातली उत्तम उपकरणं. वाटेत कार्गादोस काराजोस, ज्याला सेंट ब्रँडन म्हणतात, तो अनेक किलोमीटर लांबीचा प्रवाळाचा पट्टा. स्क्रीनवरचा नकाशा लांबून बघितलेला, म्हणजे झूम आउट केलेला. त्या पातळीवर पट्टा दिसतच नाही. दिसते ती खोली, सुमारे ४० मीटर. ४० मीटर पाण्याला कोण घाबरतं? अंधार पडल्यावर नौका भर वेगात प्रवाळावर चढली. सुकाणू मोडली, मागची बाजू फुटली. रात्र त्यांनी लाटा फुटणाऱ्या त्या खडकावर काढली. जीव मात्र सगळ्यांचे वाचले.

नकाशात पट्टा होता. दोनदा झूम केलं असतं तर दिसला असता.

कागदी नकाशावर छापलेला खडक कधी गायब झालाय? डेहराडूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस आजही आपल्या समुद्राचे कागदी नकाशे काढतं. ब्रिटिशांचं हायड्रोग्राफिक ऑफिस २०२६ पर्यंत कागद बंद करणार म्हणालं होतं, ओरड झाली, मुदत किमान २०३० पर्यंत गेली. तोवर लांब पल्ल्याचा एक कागदी नकाशा टेबलावर पसरून, मार्ग पेन्सिलीने आखून, मगच तो मार्ग प्लॉटरमध्ये घालावा. आणि घातल्यावर सबंध मार्गावरून झूम करून बोट फिरवावं. कंटाळवाणं आहे. प्रवाळावरची रात्र त्याहून कंटाळवाणी असते.

मालदीव, चागोसकडे जाणाऱ्यांनी तर उपग्रहाची चित्रंही सोबत न्यावीत. तिथली काही सर्वेक्षणं जुनी, नकाशातलं बेट आणि खरं बेट यांत अंतर पडलेलं. ओपनसीपीएन हे फुकटचं सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर नकाशाही दाखवतं आणि ही चित्रंही. फुकट आहे म्हणून ते दुकानात कोणी सुचवणार नाही.

टचस्क्रीनबद्दल एवढंच: तुषार उडाले की पाण्याचे थेंबच बोटं बनून नकाशा हलवू लागतात. बटणंही असलेला घ्या. विषय संपला.

ऑटोपायलट हाताळायचा कसा, हे शिकायला लोक चार दिवस देत नाहीत. दिशेवर लावला तर तो होकायंत्र धरून जातो. वारा फिरला तरी हा आपला हट्टाने सरळ, आणि मागून वारा असेल तर शीड अचानक पलटून आडवी डोलकाठी या बाजूकडून त्या बाजूला सणसणत येते. मध्ये डोकं असेल तर? वाऱ्यावर लावला तर वारा फिरेल तशी नौकाही फिरते. शिडं सुखात. पण तुम्ही झोपेत आणि नौका वळून खडकाकडे. कुठे कोणता लावायचा, हे बटणावर लिहिलेलं नसतं.

शिवाय वाऱ्याचा सेन्सर डोलकाठीच्या टोकावर. त्यावर पक्षी बसतात. तो गेला की ‘वाऱ्यावर’ हा पर्यायच गेला.

आणि दिशेचा सेन्सर? तो बसवणाऱ्याने लोखंडापासून, इंजिनापासून, स्पीकरपासून दूर बसवलेला असतो. मग प्रवासाआधी मालक सामान भरतात. बाकाखालचा रिकामा कप्पा बघून मासळीचे, घेवड्याचे पत्र्याचे डबे रचतात. पलीकडच्या फळीवर सेन्सर. नौका काही अंश वाकडी चालू लागते आणि शिव्या कंपनीला बसतात. सेन्सर कुठे आहे, हे सामान भरणाऱ्याला सांगायचं कोणी?

सगळी उपकरणं हल्ली एकाच केबलवर बोलतात, एनएमईए २००० नावाच्या. सोय मोठी आहे. पण त्या केबलवरच्या एखाद्या सांध्यात खारं पाणी शिरलं, तारांवर हिरवा गंज चढला, शॉर्ट झालं, की जीपीएस, वारा, खोली आणि ऑटोपायलट एकदम मुके. दोन टोकांना १२०-१२० ओहमचे टर्मिनेटर असतात. त्यातला एक सैल झाला तरी यंत्रणा भुतासारखी वागते. सुटे सांधे, सुटे टर्मिनेटर पिशवीत हवेत. ऑटोपायलट मात्र केबल बंद पडली तरी स्वतःच्या सेन्सरवर चालेल, अशी जोडणी आधीच मागून घ्या.

आणखी एक गोम. केबल एकच असली तरी एका कंपनीचा स्क्रीन दुसऱ्या कंपनीच्या ऑटोपायलटला सहसा हुकूम देऊ शकत नाही. म्हणून आधी ऑटोपायलट ठरवा, मग त्याच घरचा स्क्रीन. उलट कराल तर ड्राइव्ह कोणता, हे स्क्रीन ठरवेल.

एआयएस, म्हणजे जहाजांना एकमेकांची नावं-जागा कळवणारा रेडिओ, घ्याच, आणि नुसता ऐकणारा घेऊ नका, बोलणारा घ्या. ताशी २० मैलांनी येणारं मालवाहू जहाज क्षितिजावर दिसल्यापासून तुमच्यापर्यंत यायला २० मिनिटं पुरतात. त्यांच्या ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे, तुमचं नाव दिसायला हवं. पण कोकण किनाऱ्यापासून दूर जाईपर्यंत एआयएसवर विसंबू नका. मच्छीमारांच्या कित्येक लाकडी होड्यांवर तो नसतो, रडारवर त्या लाटांत हरवतात, आणि जाळी तर मैलभर पसरलेली. तिथे स्क्रीन कामाचा नाही.

तिथे डोळे लागतात. तेही दोघांचे आळीपाळीने.

जीपीएस तरी पक्का? अरबी समुद्र ओलांडून जाणाऱ्यांनी हे आता विचारायलाच हवं. मे २०२५ मध्ये ‘एमएससी अँटोनिया’ हे कंटेनर जहाज जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात रुतलं. जीपीएसमध्ये ढवळाढवळ झाल्याचा संशय. जूनमध्ये ओमानच्या आखातात ‘फ्रंट ईगल’ आणि ‘अदालिन’ हे दोन टँकर एकमेकांवर आदळले. त्या दिवसांत तिथल्या जहाजांचे ठिपके जमिनीवर दिसत होते. ऑटोपायलटला ‘या रेषेवरून जा’ असं सांगून झोपलेल्या माणसाचा ठिपका उडी मारून वाळवंटात गेला, तर ऑटोपायलट काय करेल? रेषेकडे परत वळेल. अशा पाण्यात रेषेवर नव्हे, होकायंत्राच्या दिशेवर चालावं. दर तासाला वहीत जागा, वेग, दिशा लिहावी. सूर्य-ताऱ्यांवरून जागा काढायचं सेक्स्टंट येत असेल तर सोन्याहून पिवळं.

उपग्रह फोनचं मात्र घरी बसूनच बघा. थुराया आणि इरिडियमला आपल्याकडे परवानगीशिवाय मज्जाव आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवासी बाईंना गार्मिनचं इनरीच, म्हणजे उपग्रहावरून मदत मागायचं यंत्र, जवळ असल्यामुळे पोलिसांत जावं लागलं होतं. जगभर दऱ्याखोऱ्यांत, समुद्रात जीव वाचवणारं हे मुठीत मावणारं उपकरण. परदेशी झेंड्याची नौका घेऊन कोचीला किंवा मुंबईला यायचं असेल तर आधी एजंटाला विचारा, कस्टम्सला लेखी सांगा. आणि सुरक्षेचं कारण मान्य करूनही विचारतो, समुद्रात एकट्या नौकेवर असलेल्या माणसाच्या हातातलं संकटात हाक मारायचं साधन नियमबद्ध करायला इतकी वर्षं का लागावीत?

शेवटी दुकानदाराकडे. तो स्क्रीन लावून दाखवील, नकाशा हलवील, पावसाचे ढग रंगीत करून दाखवील. बघून घ्या. मग त्याला विचारा: माझी नौका भरून अकरा टनांची, ड्राइव्ह कितीपर्यंतचा देताय? तो दांड्यावर वेगळा हात लावून बसवणार की चकतीला? कार्बन ब्रश, पट्टा, पंप यातलं सुटं काय देणार? दुसरा सबंध ड्राइव्ह किती दिवसांत पोर्ट लुईसला पोचेल? आणि समुद्रात, डोलत्या नौकेवर, हेडटॉर्च लावून मी एकटा तो किती वेळात बदलू शकतो?

उत्तरं सुरू होण्याआधीच त्याने पुन्हा स्क्रीनकडे बोट दाखवलं, तर दुसरं दुकान गाठा.